ठेकेदाराचा टॉवेल

मोताळ्यात घर बांधताना सोयाबीनचं बियाणं ठेवायला मी तळघर काढलं. तिथं झिरपणारं पाणी उपसायला ठेकेदारानं कोपऱ्यात खड्डा करून पंप बसवला. पंप घुर्र करताच मी इतका भारावलो की, पाण्याचा थेंब निघायच्या आत त्याला टॉवेल-टोपी देऊन मोकळा झालो. आमच्याकडे हा मान काम तडीस गेल्यावर देतात. ह्या गृहस्थाचं काम तडीस जाणं म्हणजे हत्यारं उचलून घरी जाणं.

पाऊस लागला आणि पंप अखंड चालू झाला. "पाहा, कसा राबून राह्यला!" म्हणत मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचो. तळघरातलं पाणी मात्र तसूभर उतरेना. बियाण्याच्या पोत्यांना खालून ओल लागली. शेवटी बायकोनं अंगणात, पंपाच्या पाइपाच्या तोंडाशी, कपड्यांची नीळ ओतली. थोड्या वेळानं तळघरात निळं पाणी आलं. त्या दिवट्यानं पाइप भिंतीच्या पायथ्याशीच सोडला होता. पंप पाणी बाहेर फेकत होता आणि तेच पाणी भिंतीतून परत घरी येत होतं.

ठेकेदार आला तो माझीच टोपी घालून, माझाच टॉवेल गळ्यात टाकून. निळं डबकं पाहून म्हणाला, "भाऊ, पंप तं चालून राह्यला ना? मंग काऊन चिंता करता?"

मी चक्क मान डोलावली. बायकोनं हात पुढे केला. "टॉवेल-टोपी ठेवा इथं. पाइप नालीपर्यंत नेला का मंग घेऊन जा."

त्यानं दोन्ही काढून दिली. टॉवेलनं तिनं तिथंच पोती पुसायला घेतली.