राहुकाळातलं तिकीट

सरकारी रेडिओवर तेव्हा गाणं भरपूर असे, पण ते ऐकल्याबद्दल कोणी काही देत नसे. समुद्रापलीकडच्या लंकेच्या स्टेशनाला मात्र श्रोते हवे होते आणि तिथे जाहिरात करणाऱ्या साबणवाल्यांना गिऱ्हाइकं. दोघांनी मिळून टूम काढली: आमचं स्टेशन का ऐकता ते पोस्टकार्डावर कळवा, निवडक उत्तरांना कुंभकोणमच्या मैफलीचं तिकीट फुकट.

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्या तंजावरी मराठी घरांत अशी लग्नं होतात. भांडणं लवकर सुरू होतात, एवढाच फायदा. मैफलीचा गवई तिने कैक वर्षं रेडिओवरच ऐकला होता. एकदा त्याला समोर बसून ऐकायचं, एवढीच तिची हौस. तिकिटाचा विषय काढला की सासरे म्हणत, "घरी फुकट गातोच की तो."

आत्याने कार्ड लिहिलं: "तुमचं स्टेशन ऐकते, कारण ते लावलं की घरातले पुरुष बोलायचे थांबतात."

नंबर लागला.

तिकीट साबणाच्या एजंटच्या दुकानात, रविवारी साडेचार ते सहा या वेळात, विजेत्याने स्वतः येऊन न्यायचं होतं. उरलेली तिकिटं कंपनीचे साहेब सहाच्या ठोक्याला परत घेऊन जाणार. ही वेळ कोणत्या शहाण्याने ठरवली देव जाणे. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. कुंभकोणमात त्या वेळी कोणी नवी केरसुणीही घरात आणत नाही.

आत्या रडकुंडीला आली. मी कामं ओळीने लावली. साडेचारच्या आत तिची पिशवी समोरच्या घरी नेऊन ठेवली. प्रस्थान ठेवलं, म्हणजे निघणं शुभवेळी झालं. मग आम्ही दोघी आरामात चालत गेलो.

दुकानात चिटपाखरू नव्हतं. साहेब टायमध्ये घामाघूम. एजंट हाताची घडी घालून उभा.

"सार, सहानंतर सगळे येतील," तो म्हणाला.

"सहानंतर मी नसेन," साहेब म्हणाले. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "विजेत्या कोण?"

आत्या पुढे होईना. मराठीत कुजबुजली, "अगो, निघणं झालं. घेण्याचं काय? माझा हात नाही पुढे होत."

"मग तिकीट काय उडून येणार आहे?"

"तू घे. तू राहूला मानत नाहीस, तो तुला कशाला ओळखेल?" आणि तिने मला पाठीत ढोसलं. "विजेत्या ह्याच," ती साहेबांना तमिळमध्ये म्हणाली.

मी आत्याच्या नावाने सही केली आणि तिकीट घेतलं. सहा वाजता साहेबांनी पेटी मिटली. आम्ही बाहेर पडतो तोच बाकीचे विजेते नटूनथटून गल्लीत वळत होते.

मैफलीच्या दिवशी मी आत्याला मांडवापर्यंत सोडायला गेले. दारात तेच साहेब, शेजारी एजंट. साहेबांनी तिकिटावरचं नाव वाचलं, आत्याकडे पाहिलं.

"अम्मा, हे तिकीट तुमचं नाही. त्या दिवशी विशी-पंचविशीची बाई आली होती."

मी पदर तोंडावर ओढून खांबाआड झाले. मागे रांग खोळंबली. आत तंबोरे लागत होते. आत्याने एकदा आत पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"ती मीच," ती म्हणाली. "राहुकाळात तिकीट घ्यायला लावलंत. बघा माझं काय झालं ते!"

रांगेत खसखस पिकली. एजंटने मात्र गंभीरपणे मान हलवली. "तरी मी सांगत होतो, सार."

साहेबांनी तिकीट फाडलं, अर्धं तिच्या हातात दिलं. आत्या मागे वळूनही न पाहता आत गेली. तिकीट नसलेले बरेच लोक मांडवाच्या कनातीबाहेर पंचे अंथरून बसले होते. मी त्यांच्यात जागा शोधली. वारा आमच्या बाजूचा होता.