लेकेर ग्रो

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून नर्सिंगची पदवी घेऊन मॉरिशसला परतले. आईवडील उसाच्या मळ्यात राबलेले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं. ज्यांनी मला शिकवलं त्यांचे उपकार मी आजही मानते. हृदय निकामी होऊ लागलं की पायांवर सूज का येते, यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. पण असा माणूस बरा होणार नाही, हे त्याच्या घरच्यांना कसं सांगायचं, याचा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

आमच्या वॉर्डात कार्तिए मिलितेरकडचे एक मराठी आजोबा होते. उशांना टेकवून बसवलं तरच त्यांना श्वास मिळे. एका सकाळी डॉक्टर त्यांच्या मुलाला क्रेओल या तिथल्या रोजच्या बोलीत म्हणाले, "याचं लेकेर ग्रो झालंय. आमच्या औषधांनी आता फार काही होणार नाही."

हृदय आकाराने वाढलंय, असं त्यांना म्हणायचं होतं. पण आमच्याकडे 'लेकेर ग्रो' म्हणजे मन दुःखाने भरलेलं. मुलाने तेच ऐकलं. दुःखावर औषध चालत नाही, हे त्याला लगेच पटलं.

मुलगा दुःखाचं विचारू लागला, तेव्हा आजोबा मला म्हणाले, "मना कसलं दुःख, मिस? जेवणात मीठ नाय, तेवढंच दुःख." शेजारचे रोगी हसले. मुलगा हसला नाही. घरच्यांना न विचारता लग्न करून बो बासेंला गेलेल्या बहिणीला तो दुसऱ्या दिवशी घेऊन आला. लेकीचा हात धरून आजोबा त्या दिवशी चार घास जास्त जेवले.

"बघा मिस, औषध आणलं," मुलगा म्हणाला.

मी वॉर्डच्या सिस्टरकडे गेले. त्या म्हणाल्या, "सांगणं डॉक्टरांचं काम." डॉक्टर म्हणाले, "मी सांगितलं की."

मग मीच लेकीला व्हरांड्यात नेलं. 'हृदय' हा शब्द तिला फक्त भजनातला माहीत. म्हणून म्हटलं, "बाबांचं काळीज मोठं झालंय."

ती रडायलाच लागली. "मोठंच हाय त्यांचं काळीज. म्हणून तर मला जवळ घेतलं."

"तसं नाही गं. विहिरीवरचा पंप जुना होतो ना, पाणी खेचत नाही, तसं झालंय. ते आता बरे होणार नाहीत."

"आणि जुना कोणी केला? मीच ना?"

माझ्याकडे याहून सोपे शब्द नव्हते. आत कोणीतरी उलटी करत होतं, मला जावं लागलं. अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघीच नर्स होतो.

दोन-तीन दिवसांत सूज पोटापर्यंत चढली. भाऊ भेटीच्या वेळी सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "एवढी वर्षं लावलीस यायला. आता बस पाय चेपत." ती खरंच पाय चेपत बसली. चेपलं की बोटांचे खड्डे सुजेत तसेच राहत. ती पुन्हापुन्हा विचारत होती, "बाबा, रागावला नाय ना माझ्यावर?" त्यांना श्वासच पुरत नव्हता. बोलायला तोंड उघडलं तरी शब्द येईना, नुसती मान हलत होती. दम लागलेल्या माणसाची हलते तशी. तिला वाटलं, तूच नको, असं ते म्हणताहेत. मी ऑक्सिजन वाढवला, उशी सारखी केली, इंजेक्शन दिलं. ती मान कशामुळे हलतेय, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. दुपारी ते गेले.

पुढे एकदा ती मला बाजारात भेटली. पार खंगली होती. मी तिला थांबवून सगळं पहिल्यापासून समजावलं: तो आजार होता, ती घर सोडून गेली नसती तरी तसंच झालं असतं.

तिने ऐकून घेतलं. मग माझा हात दाबून म्हणाली, "डॉक्टर एवढा शिकलेला, 'लेकेर ग्रो' म्हणाला ना? तो चुकीचं कशाला बोलेल? तुम्ही चांगल्या आहात मिस. माझं मन राखता."