अकरा माळा

पुरुषोत्तमकाका पाण्यात उतरले की सुलेखाकाकू वाळूवर चटई टाकायच्या आणि माळ हातात घ्यायच्या. अकरा माळा होईतो समोर बुडबुडे यायचे, मग काकांचं डोकं.

"रामाला घड्याळाच्या कामाला लावलंयस," काका चेष्टा करायचे.

"तुमच्या घड्याळाची बॅटरी जाते. त्याची नाही जात."

काका अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावच्या एका डेटा सेंटरमधून रिटायर झालेले. चौदा वर्षं झाली, हिवाळा आला की दोघं सेंट क्रॉयला येत. कॅरिबियन समुद्रातलं बेट, पण अमेरिकेचंच, आणि गाड्या आपल्यासारख्या डावीकडून. इथे डायव्हिंगला बोट लागत नाही. पाठीवर सिलिंडर बांधायचा, कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालत जायचं, पुढे पोहत प्रवाळांपाशी. नेहमीच्या खाडीत वीस फूट खाली एक गोल प्रवाळ होता, गाडीएवढा, मेंदूसारख्या वळ्यांचा. काका त्याला आजोबा म्हणत. काकूंना पोहता येत नव्हतं. आजोबा त्यांनी फोटोतच पाहिलेले, तरी दर वर्षी पहिल्या दिवशी त्यांच्या नावाने दोन फुलं पाण्यात सोडत.

मग बेटावरच्या प्रवाळांना रोग लागला. एक पांढरा डाग उठायचा आणि काही आठवड्यांत जिवंत कातडं गळून नुसता दगड उरायचा. औषध लावणाऱ्या स्वयंसेवकांत काकांनी नाव दिलं. जोडीदार मिळाला ईशान, मुलाच्या वयाचा. खिडकीच्या काचेला लांबी भरावी तसं दोघं पाण्याखाली डागाच्या कडेने मलम भरत. एक नियम मात्र कडक. रोगाच्या जागेवरून आलं की पाण्यात घालायचे रबरी बूट रात्रभर ब्लीचच्या पाण्यात भिजवायचे, म्हणजे रोग दुसऱ्या जागी जात नाही. आजोबांची खाडी तोवर निरोगी होती.

माघी गणेश जयंतीच्या आदल्या संध्याकाळी काका दमून आले, बूट ब्लीचच्या टबात टाकले आणि आडवे झाले. भाड्याच्या घरात टब एकच, तोही स्वयंपाकघराला लागून. काकू मोदकांचं सारण परतत होत्या. नैवेद्याला ब्लीचचा वास लागेल म्हणून त्यांनी लगेच टब ओतून दिला, बूट साबण लावून ब्रशने घासले, दोरीवर टाकले. धुतले म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं. सकाळी आरती करून काका तेच बूट घालून आजोबांना भेटायला गेले.

तिसऱ्या आठवड्यात ईशान फोटो घेऊन आला. आजोबांच्या कपाळावर गंधाच्या टिकलीएवढा पांढरा डाग होता. रोग पाण्याबरोबरही वाहत येतो, कुणी आणला ते कुणालाच सांगता यायचं नाही, असं तो समजावत होता. काका मान हलवत होते. पोहे वाढता वाढता काकूंचा हात थांबला.

त्यानंतर नाम घेतलं की डोळ्यांपुढे तो टब यायचा. एका डागाचे चार झाले. मलमाने एक थांबला की पलीकडे दुसरा उठायचा.

शेवटी एका सकाळी किनाऱ्यावर काका बूट चढवत होते आणि ईशान गाडीतून सिलिंडर काढत होता, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, सणाच्या आदल्या दिवशी मी टब ओतला होता. तुमचे बूट ब्लीचमध्ये राहिलेच नाहीत."

काकांनी बुटाची चेन वरपर्यंत ओढली.

"माहितीय मला. सकाळी बुटांना साबणाचा वास होता."

"मग घातलेत कशाला?"

"सण होता. पुन्हा भिजवत बसायचा कंटाळा केला. म्हटलं, एका दिवसाने काय होतंय."

रागावले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. माफी मागायची तर आता कुणाकडे, तेच कळेना.

दोघं पाण्यात गेले. काकूंनी माळ घेतली. चौथी माळ अर्ध्यावर होती आणि समोर काकांचं डोकं वर आलं. ईशान मागेच होता. काकांच्या हातात मलमाची नळी, तशीच भरलेली.

"लावायला जिवंत कड उरली नाही गं," ते म्हणाले, आणि कमरेएवढ्या पाण्यातच उभे राहिले, बाहेर येईनात.

माळ अर्ध्यावर सोडू नये म्हणून काकू उरलेले मणी ओढत राहिल्या.