हिरव्या टॅगची टोपी

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू तपासल्याशिवाय घरात घेतलेली नाही. कलिंगड बोटाने वाजवून बघणारी माणसं पुष्कळ असतात; साडू कलिंगडाचा घेर मोजतात. पिंपळे गुरवच्या फ्लॅटचा ताबा घेताना त्यांनी प्रत्येक खोलीत काचेची गोटी सोडली, ती कुठे घरंगळते ते वहीत लिहिलं, आणि न्हाणीघरातला उतार मोरीच्या उलट दिशेला आहे असं सिद्ध करून ती फरशी पुन्हा बसवून घेतली. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट धरणाऱ्या दोघांना त्यांनी "डावी बाजू दोन इंच खाली आहे" असं सांगितलं. हे वाक्य लग्नाच्या व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं. त्यानंतर डावी बाजू वर गेलेलीही दिसते.

साडू मूळचे लातूरकडचे. महाळुंग्यातल्या एका कंपनीत, जिथे गाड्यांना लागणारे लोखंडी पार्ट बनतात, ते तीस वर्षं क्वालिटी विभागात होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण विभाग त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. कारखान्यात तपासलेल्या मालाला टॅग लावतात: पास झाला तर हिरवा, नापास झाला तर लाल, निर्णय व्हायचा असेल तर पिवळा. उरलेल्या टॅगांचा एक गठ्ठा साडूंनी घरी आणला, आणि तेव्हापासून त्यांच्या घरातल्या बऱ्याच वस्तू पिवळ्या टॅगखाली आहेत. मिक्सर गेल्या दिवाळीपासून पिवळा आहे. एकदा मी गेलो तेव्हा गॅलरीतल्या छत्रीला लाल टॅग होता. बाहेर पाऊस पडत होता आणि साडू ओले होऊन आले होते. मी छत्रीकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "रिजेक्ट माल वापरायचा नाही, पत्रकार. एकदा वापरला की सवय लागते." मी वर्तमानपत्रात काम करतो म्हणून ते मला पत्रकार म्हणतात. माझ्या बातम्याही ते तपासतात. त्यातल्या दोन लाल निघाल्या आहेत.

त्यांचा सगळ्यांत कडक नियम मात्र हिरव्या टॅगचा आहे. एकदा माल पास झाला की पेटी सील करायची, आणि गाडीत चढून तो गिऱ्हाइकाकडे पोहोचेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. फार वर्षांपूर्वी कंपनीत कुणीतरी पास झालेल्या पेटीतून एक पार्ट पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढला आणि परत ठेवताना शेजारचा ठेवला. अख्खी गाडी परत आली. साडू ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणतात, जसा एखाद्या घरातल्या मृत्यूबद्दल बोलताना आणतात. त्यांच्या लेकीच्या लग्नाचा शालू हिरवा टॅग लावून तीन आठवडे बंद होता, आणि नवरीला तो लग्नाच्या सकाळीच पहिल्यांदा नेसायला मिळाला. सुदैवाने शालूला मापाची अडचण नसते.

याच लेकीने यंदा आईवडिलांना मुंबईहून निघणाऱ्या एका मोठ्या बोटीची सहल भेट दिली. चार रात्री, समुद्रातून दक्षिणेला जायचं आणि परत. सोबत म्हणून माझं आणि माझ्या पत्नीचं तिकीटही काढलं. माझी पत्नी आणि साडूंची पत्नी सख्ख्या बहिणी. मोठीला आम्ही सगळेच ताई म्हणतो. ताईंनी तिकिटं पाहिली, बोटीचे फोटो पाहिले, गच्चीसारखा मोकळा डेक पाहिला आणि फोन बाजूला ठेवला.

ताईंना सात वर्षांपासून उन्हाचा त्रास आहे. थोडा वेळ जरी ऊन लागलं तरी गालांवर तांबडे चट्टे उठतात, ताप येतो, सांधे धरतात. औषध कायमचं आहे. डॉक्टरांनी "ऊन टाळा" एवढंच सांगितलं, आणि ताईंनी ते इतकं पाळलं की गच्चीवरचं वाळवण बंद झालं, सकाळची भाजी संध्याकाळची झाली आणि लग्नकार्यात त्या मांडवाच्या खांबाआड बसू लागल्या. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून बघितला, तर त्यात जीव गुदमरतो. त्यात "दरोडा घालाया निघाल्यावानी दिसतंय" हाही त्यांचा आक्षेप होता.

"समुद्र बघायचा म्हणजे उन्हात बसायचं," त्या म्हणाल्या. "आन मी खोलीतच बसणार आसन तर खोली हितं हाय की. त्याच्यासाठी बोट कशाला पाहिजे? तुम्ही तिघं जावा."

साडूंनी ताईंकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "टोपी घेऊ."

"माझं वय काय, टोपी काय!"

"वयाचा काय संबंध? स्पेसिफिकेशन ठरवू."

त्या दिवशी सात मुद्द्यांची यादी तयार झाली. कडा चारी बाजूंनी किमान दहा सेंटीमीटर. कापडातून ऊन गळता कामा नये. वाऱ्याने उडता कामा नये. घामाने जड होता कामा नये. घडी घालून पिशवीत मावली पाहिजे. धातूचा भाग असेल तर खाऱ्या हवेत गंजता कामा नये. सातव्या मुद्द्यात नुसतं "माप" असं लिहिलं होतं. ताई न्हाऊन केस वाळवत बसल्या होत्या, तेव्हा साडू शिंप्याची फीत घेऊन गेले आणि डोक्याचा घेर घेतला. "जिरेटोप शिवालात काय माझा?" ताई म्हणाल्या. साडूंनी साडेत्रेपन्न सेंटीमीटर हा आकडा लिहिला, पुन्हा मोजला, आणि त्याखाली सही केली.

पहिली टोपी पिंपरीच्या बाजारातून आली. गवती, गुलाबी फितीची, फोटोत छान दिसणारी. साडूंनी ती दुपारी गच्चीवर नेली, खाली माझंच वर्तमानपत्र अंथरलं आणि टोपीची सावली त्यावर पाडली. सावलीत उन्हाचे बारीक ठिपके पडले. साडूंनी ते पेन्सिलीने खुणा करत मोजले. अग्रलेखावर अठ्ठावीस ठिपके निघाले. टोपीला लाल टॅग लागला. दुसरी टोपी, क्रिकेटच्या पंचांची असते तशी पांढरी, ठिपक्यांच्या परीक्षेत पास झाली. तिची वाऱ्याची परीक्षा स्पाइन रोडवर घ्यायचं ठरलं. मी स्कूटर चालवायची, साडूंनी मागे टोपी घालून बसायचं आणि ती कोणत्या वेगाला उडते हे सांगायचं. पस्तीसला कडा फडफडू लागली. चाळीसला चौकातल्या वाहतूक पोलिसाने आम्हाला बाजूला घेतलं.

"काका, हेल्मेट कुठंय?"

"हेल्मेट घातलं तर टोपी कशी बसेल, साहेब? ट्रायल चालू आहे."

"कसली ट्रायल?"

साडूंनी यादी काढून दाखवली. पोलिसाने ती शेवटपर्यंत वाचली. टोपी हातात घेऊन उलटीपालटी केली. "बंद पाहिजे हनुवटीला," तो म्हणाला. "आमच्या टोपीला आतून पट्टा आस्तो. न्हाईतर राहत न्हाई वाऱ्यात. आता उतरा आन चालत जावा." स्कूटर ढकलत आम्ही भोसरीच्या बाजूला निघालो. वाटेत साडू थांबले आणि यादीत "हनुवटीचा बंद" हा आठवा मुद्दा लिहिला. पोलिसाबद्दल ते आजही आदराने बोलतात. "तयारीचा माणूस," म्हणतात.

बंद असलेली तिसरी टोपी चांगली होती, पण तिला हवा खेळायला पितळी कड्यांची चार छिद्रं होती. साडू ती घेऊन महाळुंग्याला, जुन्या कंपनीच्या लॅबमध्ये गेले. तिथे एक पेटी असते. पार्ट गंजतो का हे बघायला तिच्यात तासन्‌तास मिठाच्या पाण्याचा फवारा सोडतात. लॅब सांभाळणारी इंजिनिअर साडूंच्याच हाताखाली तयार झालेली. ती नाही म्हणू शकली नाही.

"सर, रजिस्टरमध्ये पार्ट नंबर काय टाकू?"

"ट्रायल लिही."

"आणि कस्टमर?"

साडूंनी टोपीची कड सरळ केली. "घरचा," म्हणाले.

दोन दिवसांनी टोपी बाहेर आली तेव्हा छिद्रांभोवती हिरवट डाग धरले होते. लाल टॅग. चौथी घडी घातल्यावर मोडली, पाचवी घामाने जड झाली. घरात लाल टॅगच्या टोप्या खुंट्यांवर ओळीने टांगलेल्या होत्या, आणि माझ्या पत्नीने बहिणीला विचारलं की नाटक कंपनी काढताय का. ताई हसल्या, पण बॅग भरायला घेतली नाही. निघायला बारा दिवस राहिले होते.

सहावी टोपी दिघीला मिळाली. लष्करी हद्दीजवळ गणवेश, बूट, पट्टे विकणारी काही दुकानं आहेत. त्यातल्या एका निवृत्त फौजी दुकानदाराने साडूंचं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एक प्रश्न विचारला, "पाण्यावरून उलटं येणारं ऊन धरलंय का?" साडूंनी ते धरलं नव्हतं. दुकानदार म्हणाला की पाण्यावर ऊन खालूनही तोंडावर येतं, म्हणून कडेची आतली बाजू गडद हवी. मग त्याने एक मऊ, खाकी, रुंद कडेची टोपी काढली. आत गडद हिरवं अस्तर, हनुवटीला कापडी बंद, धातू कुठेच नाही. साडेत्रेपन्न सेंटीमीटर. साडूंनी दुकानातच बाकड्यावर बसकण मारली. तीस वर्षांत आपल्यापेक्षा जास्त तपासणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

सहावी टोपी आठही मुद्द्यांत पास झाली. तिला हिरवा टॅग लागला आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत सील झाली. ताई म्हणाल्या, "एकदा घालून तरी बघू द्या."

"पास मालाला हात लावायचा नाही."

"आवो, डोकं माझं हाय!"

"माप घेतलंय," साडू म्हणाले. "सही आहे माझी."

ताईंनी त्या संध्याकाळी बॅग भरली. सात वर्षांनी पहिल्यांदा त्या दिवसाउजेडी उघड्यावर बसायला निघाल्या होत्या.

बोटीवरची पहिली सकाळ. नऊ वाजता साडूंनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. सील फोडताना साक्षीदार लागतात. त्यांनी पिशवी कापली, टोपी काढली आणि ताईंच्या डोक्यावर ठेवली. टोपी डोक्यावर बसली नाही. ताईंचा अंबाडा मागे, जरा वरच्या बाजूला असतो. टोपी त्याच्यावर झाकणासारखी तरंगत राहिली. बंद हनुवटीपर्यंत पोहोचेना. साडूंनी ती पुढे ओढली, मागे ओढली, तिरकी केली. 

"अंबाडा," साडू शेवटी म्हणाले. "केस मोकळे होते तेव्हा मोजलं मी. असेंब्ली झाल्यावर मोजायला पाहिजे होतं."

"असू द्या," ताई म्हणाल्या. "तुम्ही जावा वर. मला ह्या खिडकीतून दिसतंय की समदं."

खिडकी जेवणाच्या ताटाएवढी होती. साडू पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी खिशातून यादी काढली, उघडली आणि न वाचता घडी घातली. चूक झाल्यावर ते काय करतात हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. कारण तशी वेळच आली नव्हती.

ताई त्यांच्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "दाजी, जरा तिकडं तोंड करा."

मी खिडकीकडे वळलो. पुढचं मी पाहिलेलं नाही, पत्नीने नंतर सांगितलेलं आहे. ताईंनी अंबाड्याचे आकडे एकेक करून काढले. अंबाडा सुटला आणि त्यातलं गंगावन, म्हणजे केस भरदार दिसावेत म्हणून आत घालायचा विकतचा झुबका, त्यांनी काढून पलंगावर ठेवलं. मागे उरलेले केस बोटभर जाडीचेही नव्हते. त्यांनी त्यांची बारीक वेणी घातली आणि टोपी चढवली. ती बरोबर बसली.

पाठमोरा असताना मी जे ऐकलं ते असं.

"हे कधीपासून?" साडूंचा आवाज.

"औषध चालू झालं तवापासून. सात वर्षं झाली."

"मी डोकं मोजलं तुझं. मला कसं दिसलं नाही?"

"तुमचं ध्यान फितीवर हुतं," ताई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. "आन हे बी आज ठरवलं म्हणून. न्हाईतर कुणाला दाखवणार हुते?"

थोड्या वेळाने पत्नीने मला वळायला सांगितलं. साडू ताईंसमोर उभे राहून हनुवटीखाली बंद बांधत होते. गाठ एकदा बांधली, सोडली, पुन्हा जरा सैल बांधली. त्यांनी निकाल जाहीर केला नाही.

वर डेकवर मोकळा वारा होता. ताई कठड्याशी गेल्या आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभ्या राहिल्या. समोर पश्चिमेला नुसतं पाणी होतं, ऊन मागून तिरपं येत होतं.  मग बहिणीला म्हणाल्या, "केवढं मोठं असतंय गं हे." टोपी हलली नाही. चेहरा पूर्ण सावलीत होता. कडेचं माप, अस्तर, बंद, सगळं दिलेलं काम करत होतं.

साडू त्यांच्या शेजारी उभे नव्हते. ते दोन पावलं मागे, उन्हाकडे पाठ करून, हात किंचित फाकवून उभे होते. आधी मला त्याचं कारण कळलं नाही. मग लक्षात आलं की दर थोड्या वेळाने ते अर्धं पाऊल डावीकडे सरकत होते. ऊन सरकत होतं तसं. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर काहीच नव्हतं, आणि मान लाल व्हायला लागली होती.

"आवो, पुढं या की," ताई मागे न बघता म्हणाल्या. "समुद्र बघा."

"दिसतोय मला," साडू म्हणाले. ते समुद्राकडे बघत नव्हते. आपली सावली ताईंच्या खांद्यावर कुठपर्यंत पोहोचते आहे, तेवढंच ते बघत होते.