न चाखलेलं तिरामिसू

मी कोडोली सोडली त्या सकाळी आप्पा गोठ्यात धार काढत होते. गाडी दारात येऊन थांबली होती. महावीर, माझा नवरा, डिकीत बॅगा कोंबत होता. आई लाडवांचा डबा कुठल्या पिशवीत बसतोय ते बघत होती. गल्लीतल्या बायका निरोपाला जमल्या होत्या. आप्पा तेवढे आले नव्हते. मग मीच गोठ्यात गेले. ते उठले नाहीत. मधेच उठलं तर म्हैस पान्हा चोरते, हे मलाही ठाऊक होतं.

"येतो आप्पा," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात.

बादलीत धार पडत होती. त्यांनी वळून न बघताच सांगितलं, "पद्मे, तिकडं आंडं-मटान तोंडाला लावू नगंस. तिकडं बघनारं कोन न्हाई. म्हनूनच सांगतोय."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि परत कासेला लावला. निरोप म्हणून एवढंच झालं.

आम्ही जैन शेतकरी. ऊस आणि म्हशी, आणि गावात बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर. आप्पा सकाळी बस्तीत दर्शन घेतल्याशिवाय चहा पीत नसत आणि दिवस बुडाल्यावर त्यांनी कधी घास घेतला नाही. त्यांनी मला दुसरं काहीच बजावलं नव्हतं. फोन कर म्हणाले नाहीत, जपून राहा म्हणाले नाहीत. त्यामुळं तो एक नेम मी पासपोर्टासारखा जपून नेला.

महावीर आधी कोल्हापुरात दूध शीतकरण केंद्रात होता. इटलीत त्रेवीझो नावाच्या गावाजवळ दुधाच्या कारखान्यात त्याला पॅकिंग विभागात काम मिळालं. त्रेवीझो सुंदर आहे. गावातून पाण्याचे पाट वाहतात, खिडक्यांत फुलं असतात. पण हिवाळ्यात धुकं उतरतं आणि समोरचं घर दिसत नाही. महावीर पहाटे जायचा. मी दिवसभर त्या धुक्याकडं तोंड करून बसायची. जे माझ्यासारखे घर सोडून गेलात, त्यांना हे दिवस सांगायला नकोत. जे मागं राहिलात, त्यांना आम्ही ते कधी सांगितलेच नाहीत. फोनवर आम्ही म्हणायचो, "लई भारी हाय हितं."

दुसऱ्या हिवाळ्यात मी एका खाणावळीत कामाला लागले. मालकीण लुईझा, साठी उलटलेली, ठेंगणी आणि आवाजानं आमच्या गल्लीत शोभणारी. पहिलं वर्ष मी भांडी आणि भाजी केली. मग तिनं मला तिरामिसू या तिथल्या गोड पदार्थाला बसवलं.

ते कसं करतात ते सांगते. अंड्यातलं पिवळं तेवढं घ्यायचं आणि साखरेबरोबर इतकं फेटायचं, की रंग पिवळ्याचा फिकट होत सायीसारखा होतो. त्यात मास्कारपोने मिसळायचं. हे म्हणजे साय तापवून, आंबट घालून, कापडात टांगून केलेलं घट्ट, लोण्यासारखं पांढरं, आपल्या चक्क्याची मावशीच. लांबट हलकी बिस्किटं कडक कॉफीत बुडवून लगेच काढायची. एक थर बिस्किटांचा, एक मलईचा, पुन्हा तेच, वर कोकोची पूड. मग थंडीत मुरू द्यायचं. लुईझा दारूचा थेंब घालू देत नसे. घालणाऱ्यांना ती नावं ठेवायची.

पहिलं अंडं हातात घेऊन मी थांबले. मी मनाशी हिशेब केला. आप्पांनी तोंडाला लावू नको म्हटलंय, हाताचं काही बोलले नाहीत. अंडं फोडलं. तेव्हापासून रोज फोडते आहे.

पण चाखलं नाही. लुईझा चमचा पुढं करायची, "चाख! चव न घेता कुठं स्वयंपाक होतो का?" मी मान हलवायची. तिला तो अपमान वाटे. तिच्या हातचं मला चालत नाही असा तिनं अर्थ घेतला आणि कितीतरी महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. शेवटी मी तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये आप्पांचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बापाला शब्द दिलाय, मग बरोबर आहे." त्या दिवसापासून मी करायचं आणि तिनं चाखायचं असं ठरलं. मी डोळ्यानं आणि कानानं शिकले. फेटलेलं मिश्रण चमच्यावरून फितीसारखं ओघळू लागलं की झालं. बिस्किट कॉफीत किती वेळ ठेवायचं ते बोटाला कळायला लागलं.

या पदार्थाची कूळकथा तिनंच मला सांगितली. तिच्या लहानपणी आजारातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला, थकलेल्या म्हाताऱ्याला अंड्याचं पिवळं साखरेत फेटून द्यायचे. त्याला तिथं स्बातुदिन म्हणतात. लुईझाला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तिची आई त्यात चमचाभर कॉफी घालायची. पुढं तिच्या तरुणपणी गावातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कुणीतरी त्यालाच मास्कारपोने आणि कॉफीतल्या बिस्किटांची जोड दिली, आणि त्रेवीझोच्या बोलीतलं नाव पडलं, तिरामिसू, म्हणजे 'मला वर उचल'. शेजारच्या प्रांतातले लोक म्हणतात, ते मूळ आमचंच. तो विषय निघाला की लुईझाचा पारा चढायचा. मिसळीवरून पुण्याच्या पावण्याशी भांडणारे आमचे लोक मला आठवायचे आणि हसू यायचं.

घरी मी एवढंच सांगितलं होतं, की मी कॉफीचं एक पक्वान्न करते. खोटं काही नव्हतं त्यात. आप्पांना त्याचा केवढा अभिमान! डेअरीवर दूध घालायला जातील तिथं सांगत, "माझी लेक कॉफीचं पक्वान करती. तिकडची मान्सं त्येच्यासाठी रांगा लावत्यात." दर रविवारी फोन लावला की आई उचलायची, "बरी हाईस न्हवं? थांब, आप्पास्नी देतो," म्हणायची, आणि मग आप्पा आणि मी बोलायचो. पाऊस, ऊस, व्यालेली म्हैस. शेवटी ते विचारत, "नेम हाय न्हवं?" मी म्हणायची, "हाय आप्पा."

गेल्या वर्षी लुईझाच्या मुलानं खाणावळीचा एक व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. त्यात मी होते. एका हातानं अंडं फोडून पिवळं-पांढरं वेगळं करताना, तेही हसत. अकरा वर्षांच्या सवयीनं माझा हात सराईत झाला होता. तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या भावकीतल्या कुणाच्या तरी मोबाईलवर पोचला आणि त्यानं तो डेअरीच्या कट्ट्यावर, चारचौघांत, आप्पांना दाखवला. हे मला नंतर दादाकडून कळलं. माझा थोरला भाऊ सुकुमार. राहायला वेगळा, पण शेती तोच बघतो. तो म्हणाला, "आप्पा तितनं उठलं. मोकळी किटली घिऊन घरला आलं आनि न जेवता झोपलं."

त्या रविवारी आई म्हणाली, "आप्पा मळ्यात हायत." पुढच्या रविवारीही मळ्यात. पाऊस कोसळत होता तेव्हाही मळ्यात. सात महिने आप्पा मळ्यात होते. आईला खोटं बोलता येत नाही. प्रत्येक वेळी तिचा आवाज खाली जायचा. मला ऐकू यायचं, त्यांची खुर्ची सरकलेली, त्यांचा खोकला.

शेवटी मी रजा काढून आले. एकटीच. आप्पा बाहेरच्या सोप्यात बसले होते. वाळले होते. "आलीस?" म्हणाले आणि उठून म्हशींकडं गेले. दोन दिवस असेच गेले. मी समोर आले की त्यांना काहीतरी काम आठवायचं.

तिसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, "त्यास्नी त्ये पक्वान करून घालतो. आंड्याशिवाय."

आई काही विचारत बसली नाही. तिनं दोन दिवसांची साय काढून दिली. मी ती तापत ठेवली आणि लिंबू पिळायला घेतलं, तेव्हा तिनं माझा हात धरला. सायीत बोट बुडवून म्हणाली, "आजून न्हाई. वाईच थांब." मी चौदा वर्षं त्या देशात राहिलेली, आणि हिनं मास्कारपोने हा शब्दही ऐकला नव्हता. तरी तीच बरोबर निघाली. तिनं जुन्या धोतराच्या धुतलेल्या फडक्यात ते बांधून फळीखाली टांगलं. बेकरीतनं बिनअंड्याचे टोस्ट आणले. दुसऱ्या दिवशी पितळी डब्यात मी थर लावले. आई शेजारी बसून बघत होती आणि मधूनमधून काहीतरी विचारत होती. मी नीट उत्तर दिलं नाही. माझं सगळं लक्ष गोठ्याकडं होतं.

दिवस बुडायला तासभर असताना मी ताटली त्यांच्यापुढं ठेवली.

"ह्यात काय हाय?" त्यांनी विचारलं. सात महिन्यांनी ते माझ्याशी सरळ बोलले.

"आपल्या म्हशीची साय, साखर, कॉफी, टोस्ट. दुसरं कायबी न्हाई."

आईनं मागून म्हटलं, "खावा की. पोरगी एवढ्या लांबनं आलीया."

त्यांनी एक चमचा खाल्ला, मग दुसरा. "कडू हाय, पन चांगलं हाय," म्हणाले. थोड्या वेळानं खाली बघतच विचारलं, "तिकडलं बी असंच लागतं?"

"ठावं न्हाई आप्पा."

"ठावं न्हाई म्हंजी?"

"मी कवाच खाल्लं न्हाई."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "रोज करतीस की."

"करतो. मालकीन चाखती. मी न्हाई. तुमीच सांगितलंता न्हवं? तोंडाला लावू नगं म्हनून."

त्यांना काय वाटत होतं ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. व्हिडिओतली अंडी बघून त्यांनी धरलं होतं, की लेकीनं नेम कधीच सोडलाय आणि दर रविवारी ती 'हाय आप्पा' म्हणून खोटं बोलतेय. हाताचा त्यांना राग नव्हताच. माझा शब्द खोटा निघाला म्हणून ते सात महिने झुरत होते. आणि मला वाटत होतं, मी हातानं अंडी फोडली त्याची ही शिक्षा आहे. एकदा नुसतं विचारलं असतं. त्यांनी नाहीतर मी.

"मला वाटलं, सोडलंस," आप्पा म्हणाले. मग त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं, परत पुसलं. "एवढी वर्सं आंधळ्यावानी सैपाक केलास व्हय गं? माज्या एका शब्दापायी?" जरा थांबून म्हणाले, "आता खा. माझा नेम मीच उचलला. पोरगी चार लोकांत जगती, म्या तिला असं बांधून घालाया नगं हुतं."

"नगं आप्पा," मी म्हटलं. मला तो उचलून घ्यायला नको होता. तेवढीच तर गाठ होती माझी कोडोलीशी. पण हे त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी माझ्यावर उपकार केला होता आणि मला मात्र कुणीतरी दारातून परत पाठवल्यासारखं वाटत होतं.

उरलेले आठ दिवस आम्ही पोटभर बोललो. निघताना ते गाडीपर्यंत आले.

त्यानंतर चार महिन्यांनी, उसाला पाणी पाजत असताना, आप्पा बांधावरच गेले. डॉक्टरांपर्यंतही पोचले नाहीत. दादाचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर पिवळं फेटलं जात होतं. मला पोचायला दोन दिवस लागले. तोवर सगळं झालं होतं. लोक म्हणाले, बरं मरण आलं, कुणाला त्रास नाही. मी मान डोलावली. बस्तीत जाऊन बसले, गोठ्यात जाऊन बसले. दादानं दोन म्हशी विकायच्या ठरवल्या होत्या. नाही म्हणायचा मला कुठला हक्क होता?

त्रेवीझोला परतल्यावर लुईझानं चमचा पुढं केला नाही. तिनं मला एका खुर्चीत बसवलं आणि त्या दिवशी अंडी स्वतः फोडली. मी अजूनही खात नाही. आता कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारतही नाही.

परवाच्या रविवारी आईचा फोन होता. ती म्हणाली, "परत कवा येतीस?"

मी विचार न करता बोलून गेले, "आप्पा न्हाईत आई. आता कुनासाठनं येऊ?"

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.  मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी हाय की."

मी स्वयंपाकघरात उभी होते ती खाली बसले. चौदा वर्षं दर रविवारी फोन तिनं उचलला होता, आणि मी तिच्या 'थांब, आप्पास्नी देतो' याचीच वाट बघत आले होते. तिला काय दुखतंय, ती दुपारी कुणाशी बोलते, रिकाम्या सोप्यात एकटी जेवते की कसं, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. घर म्हणताना मी आप्पांचं नाव घेत होते, आणि त्या घरात दुसरं माणूस बसलेलं होतं.

"आई," मी म्हटलं, "आज काय काय केलंस?"

"म्या?" तिला नवल वाटलं. "म्या काय करनार गं."

"सांग तरी."

ती जरा अडखळली. मग सांगू लागली. गुडघा दुखतोय, पाण्याची मोटर बिघडलीय, शेजारणीची सून माहेरी गेलीय, सकाळी दूध उतू गेलं तेव्हा उगाचच रडू आलं. सांगता सांगता तिचा आवाज मोकळा होत गेला. महावीर कामावरून आला, दिवा लावून माझ्याकडं बघत उभा राहिला. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.

"ऐकतीस न्हवं?" आईनं मधेच विचारलं.

"ऐकतोय की. बोल तू."