व्हेनिसचा धक्का
ही गोष्ट मी इतकी वर्षं खरी सांगायचं टाळलं, पण आज शेंगदाण्याच्या चटणीच्या वासाने ती पुन्हा वर आली. मुलाने आम्हा नवराबायकोला उन्हाळ्यात युरोप बघायला पाठवलं होतं. गावच्या सवयीने मी तिथेही पुढे आणि बायको चार पावलं मागे. व्हेनिसला मी मागे न बघताच बोटीत चढलो, बोट सुटली आणि ती धक्क्यावर राहिली. पुढच्या थांब्यापर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. परतलो तर घरून आणलेल्या चटणीची पिशवी छातीशी धरून ती तिथेच उभी होती. "आवं, एकदा तरी मागं बघायचं," एवढंच म्हणाली. साताऱ्याला घरी परतल्यावर मात्र भेटायला आलेल्या पाहुण्यांना मी सांगितलं, "ही दुकानं बघत रेंगाळली." "वैनी, तुमाला दोरी बांधून न्यायला पायजे," पाहुणे म्हणाले. तीही हसली, पण पुन्हा माझ्यासोबत प्रवासाला कधी आली नाही. ती होती तोवर 'चुकलं माझं' एवढंही मला म्हणता आलं नाही.