भागीबाईच्या पोटातलं रक्त

...अन् हे पण लिही बाळा, भागीबाईचा नवरा जाऊन तवा तीन वरसं झाली व्हती. सासरीच एका खोलीत लेकीला घेऊन राहायची, पिंपळगावला द्राक्षं निवडायला जायची. त्या दिवशी माझ्याच शेजारी डब्यात द्राक्षं भरता भरता पोटात कळ आली अन् बसलीच खाली. अंग गार, पोट टम्म. टेंपोवाल्या नवनाथानं तिला नाशकात दवाखान्यात नेली.

सोनोग्राफीत दिसलं, पोटात रक्त साचलंय. जाऊ मालनबाई आली, तिनं तेवढंच ऐकलं. विधवा बाई, पोटात रक्त, आणणारा परका गडी. बाकड्यावर बसून तोंडाला पदर लावला अन् चार बायांना ऐकू जाईल असं सांगितलं, पोर पाडायच्या गोळ्या खाल्ल्या हिनं. डॉक्टरीणबाईनं लघवी तपासून सांगितलं, तसं काय नाय. कोण ऐकतंय?

रक्त कुठून येतंय ते बघायला शिरंतून औषध सोडून सिटी स्कॅन काढायचा व्हता. भागीबाईला पेन धरवंना, मग घरच्याची सही मागितली. दीर कारभारी दाराशीच उभा.

"ज्याचं असंल त्यानं करावी सही," म्हणला.

स्ट्रेचरवर भागीबाई शुद्धीत व्हती. तिनं चुलत्यासंगं आलेल्या लेकीकडं, सायलीकडं बघितलं. नववीतली पोर, तिनं तोंड फिरवलं.

शेवटी नवनाथानं सही केली. नात्याच्या जागी 'भाऊ' लिहिलं. तेच भोवलं. कारभारी हसला, नातं हाय म्हणून आता तर लिहूनच दिलं म्हणला.

फोटोत सगळं लख्ख निघालं. लिव्हरवर लिंबाएवढी गाठ, ती फुटलेली, अन् तिच्यातून ते औषध पांढरं पांढरं बाहेर चाललेलं. डॉक्टरीणबाईनं कारभारीला पडद्यापुढं उभा करून बोट ठेवून दाखवलं. समजलं त्याला, चांगलं समजलं. बाहेर येऊन बायकोला म्हणला, चल, हिच्या खोलीला कुलूप लावायचंय.

मांडीच्या शिरंतून लिव्हरपर्यंत नळी घालून रक्त थांबवलं, भागीबाई वाचली. पण गाठ कॅन्सरची निघाली. द्राक्षाच्या गोडाऊनमागं पत्र्याच्या खोलीत पाच महिने काढले तिनं. सायलीला चुलत्यानं ठेवून घेतली, ती एकदाबी आली नाय. मरायच्या आदल्या दिवशी फोन लागला, तर पोरगी म्हणली, "नवनाथलाच बोलव." अन् ठेवून दिला. भागीबाई तशीच कानाला फोन लावून बसली व्हती.

तो रिपोर्ट अन् स्कॅनचा फोटो तिनं माझ्याकडं दिलाय. सायली आता देवळालीला तुझ्याच कॉलेजात हाय ना? मग हे लिहिलेलं अन् तो फोटो तिला दे. चुलत्याच्या घरी नको, तिच्याच हातात दे. नाय घेतलं तर तिच्या बॅगेत सरकव, पण दे.